म्हसे हवालदारांच्या तेराव्याचे वाल

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खानावळीत कांदा चिरत होतो आणि मनातल्या मनात त्यांच्याशीच भांडत होतो. भांडण टाकीवरून होतं. आमच्या खानावळीच्या स्लॅबवर पाण्याची काळी टाकी आहे. दर अमावास्येला ती रिकामी करून आतून घासायची, हा मामांचा नियम. किती वेळा म्हटलं, मामा, तुमचे गुडघे वाजतात, मी चढतो. तर म्हणायचे, "तू नुसता हात फिरवतोस रं. तळाला बोट लावून बघ, बुळबुळ तशीच हाय." त्या अमावास्येला मी कर्जतला बाजाराला गेलो, तेवढी संधी साधून त्यांनी शिडी लावली. टाकी घासली, आरशासारखी घासली, आणि उतरताना शिडीवरून पडले. खुबा मोडला. मग दवाखाना, ऑपरेशन, मग छातीत कफ... आणि मग तो फोन. आता काही आठवडे झाले. लोक विचारतात, मामा कशानं गेले? मला सांगायचीही चीड येते. जेलच्या नोकरीत सगळी उमर गेली, कुणी अंगावर धावून आलं, कुणी पत्र्याचा धारदार तुकडा दाखवला, त्यात काही झालं नाही, आणि गेले ते टाकीतल्या बुळबुळीपायी.

शेवटची भेट पनवेलच्या दवाखान्यात झाली. नाकात नळी, आवाज खोल गेलेला, पण नजर चहावाल्याच्या बोटांवर. त्यानं कप धरला होता तो अंगठा आत बुडवून. मामा त्याला म्हणाले, "बाबा, ह्यो चहा तुझा का माझा? तुझा अंगठा तर आधीच पिऊन बसलाय." चहावाला हसला, मला मात्र कुठं बघावं कळेना. शेजारच्या खाटेवरची माणसं माना वळवून बघायला लागली. मग मामांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, मामींबद्दल काही सांगतील. तर म्हणाले, "दत्ता, माझ्या तेराव्याला बाहेरचा आचारी आणायचा नाय. आदल्या दिवशी बटाटं उकडून टेंपोत घालून आणतात ते. तू रांध. वालाचं बिरडं कर." मी म्हटलं, मामा, असं अभद्र कशाला बोलता? आणि पोटात जे होतं तेही बोलून गेलो... गाव खाईल का माझ्या हातचं? त्यावर डोळे मिटून म्हणाले, "ते बघायला मी थोडाच असणार हाय? तू तुझं रांध." झालं. एवढं बोलून मोकळे. जन्मभर असंच केलं त्यांनी. हुकूम आपण द्यायचा आणि निस्तरायचं दुसऱ्यानं.

गाव खाईल का, असं मी का विचारलं ते सांगायचं तर मागं जावं लागेल. मी इकडचा नाही. माझं गाव बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात. शाळा सातवीतच सुटली, तेव्हा लिहिण्यात चूकभूल असेल तर वाचणारांनी सांभाळून घ्यावं. तरणा असताना बांधाच्या भांडणात एकाच्या डोक्यात काठी घातली. माणूस वाचला, पण मला शिक्षा झाली आणि ती मी पुरी भोगली. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही. जेलचंही नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत असतील, उगाच कुणाला त्रास नको. तिथंच मला म्हसे हवालदार भेटले. मामा ते नंतर झाले. तिथं आम्ही त्यांना समोर साहेब म्हणायचो, आणि माघारी जे म्हणायचो ते पेपरच्या पुरवणीत छापता येणार नाही.

जेलचा भटारखाना बाहेरच्या माणसानं बघितलेला नसतो. भिंती धुरानं काळ्या, माणूस आत बसेल एवढाले टोप, पायाखाली कायम ओली फरशी, आणि एका बाजूला चपात्या लाटणारांची रांग. कपाळाचा घाम ज्या फडक्यानं पुसायचा त्यानंच तवा पुसायचा. तांदळाची पोती सरळ जमिनीवर, त्यामुळं खालचा थर दमट आणि उंदरांच्या हक्काचा. डाळीत पाल पडली तर काढून टाकायची आणि गप्प बसायचं. मुद्दाम कुणी वाईट करत होतं असं नाही, सगळ्यांना सवय झाली होती. आणि त्यात एक गोम होती. भटारखान्यात काम मिळणं हे नशीब समजत. थंडीत ऊब, दोन घास जास्त, आणि कामाबद्दल शिक्षेत माफीचे दिवस मिळायचे. माफी म्हणजे तेवढं लवकर घरी जाणं. त्यामुळं ज्याला जुलाब लागले तोही तोंड उघडत नसे. आजारी म्हटलं की नाव कटलं, नाव कटलं की माफी गेली. मग तो पोट धरून, ओठ चावत, कणीक मळत राहायचा... आणि दोन दिवसांत सगळी बराक अर्ध्या भिंतीआडच्या एका संडासापुढं रांग लावून उभी.

अशाच एका हगवणीच्या पाठोपाठ म्हसे हवालदारांना भटारखान्यावर नेमलं. बाकीचे शिपाई म्हणायचे, सगळ्यांशी भांडतो म्हणून इकडं टाकला. पहिल्याच सकाळी त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं. हात पुढं. आता पालथे. नखं बघितली, एकाच्या बोटाची चिंधी सोडून आतली जखम बघितली. मग विचारलं, "पोट कुणाचं बिघडलंय?" सगळे गप्प. "कुणाचंच नाय? मग काल बराकीत धावत कोण व्हता, माझा आजा?" तेव्हा म्हणाले, जो खरं सांगेल त्याला बाहेर लाकडं वाहायला लावीन, माफी कापू देणार नाही. ह्यावर कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नाही. पण पोटाला तेवढा दम नव्हता... मी रांग मोडून पळालो. परत आलो तो मान खाली घालून. ते म्हणाले, "ए बीड, तू लाकडांवर. बाकीच्यांनी साबण घ्या." महिना सरला तेव्हा माझी माफी एका दिवसानंही कमी झालेली नव्हती. त्यासाठी ते कुणाकुणाशी भांडले ते मला बरंच उशिरा कळलं. आतल्या माणसाला दिलेला शब्द मोडला तर विचारणारं कोण असतं? ह्या माणसानं तो पाळला. तेव्हापासून मी त्यांचा झालो, आणि तेव्हापासूनच माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

कारण एकदा त्यांच्या हाताखाली आलात की सुटका नाही. साबण कोपरापर्यंत. पोत्यांखाली फळ्या. कालची डाळ आजच्या डाळीत मिसळायची नाही. संडासला जाऊन आलं की पुन्हा साबण, आणि धुतले असं नुसतं सांगून चालायचं नाही, ते हात हुंगून बघायचे. जन्मठेपेची दांडगी माणसं शाळेतल्या पोरांसारखी हात पुढं करून उभी राहायची आणि तोंडातल्या तोंडात शिव्या घालायची. जेवण वाटण्याआधी नमुन्याचं एक ताट जेलरसाहेबांकडं चाखायला जायचं, अशी तिथली पद्धत. जुन्या आचाऱ्यांनी ह्या ताटासाठी एक वाटी डाळ वेगळी काढून तिला तुपाची फोडणी द्यायची रीत पाडली होती. साहेब खूश, बाकी जेलनं पाणी प्यावं. म्हशांनी ती वाटी बाजूला केली, डाव टोपाच्या तळापर्यंत घालून ढवळलं, आणि जे वर आलं ते ताटात वाढलं. साहेबांच्या दाताखाली खडा आला. डाळ निवडायला माणसं वाढवून मिळाली खरी, पण म्हशांची रजा नामंजूर झाली. मी म्हटलं, साहेब, गोडीत सांगितलं असतं तर? म्हणाले, "गोडीत सांगून झालंय माझ्या आधीच्यांचं. खडा तसाच हाय."

फिनेलच्या डाळीबद्दल मात्र मी त्यांना आजही माफ केलेलं नाही. कुणी मोठे पाहुणे तपासणीला येणार म्हणून सकाळपासून सगळं धुणंपुसणं चाललं होतं. वर चुलीवर डाळ शिजतेय आणि खाली फरशीवर फिनेल ओततायत. एका शहाण्यानं ज्या फडक्यानं फरशी पुसली त्याच ओल्या फडक्यानं टोपाचं गरम झाकण धरून उचललं. फडक्यातलं पाणी डाळीत गळलं. वास आला. पण खरं सांगतो, एवढा काही नव्हता. वरून लसूण-मिरचीची सणसणीत फोडणी घातली असती तर कळलंही नसतं. म्हसे आले, हुंगलं, म्हणाले, "ओता." कुणी हलेना. एवढी डाळ! तेव्हा त्यांनी दोघांना हाताशी धरून टोप स्वतः कलंडवला. पिवळी डाळ गटारातून वाहतेय आणि पाहुणे दारात उभे, अशी बरोबर ती वेळ साधली. जेवणाला उशीर झाला. बराकींतून थाळ्या आपटायला लागल्या. मीही उपाशी होतो, मीही मनात बरंच काही बोललो. दुपार टळल्यावर नवी डाळ आली. ती वाढणाऱ्या म्हशांच्या अंगावर कुणीतरी थाळी फेकली, कपाळाला लागली. त्यांनी रक्त पुसलं, जाऊन पुन्हा हात धुतले आणि मग वाढायला लागले. मला अजून वाटतं, ती डाळ खाऊन कुणी मेलं नसतं. पण त्यानंतर फरशीचं फडकं आणि चुलीजवळचं फडकं वेगळ्या खिळ्यांना लागलं, आणि मी असेपर्यंत तशी हगवण पुन्हा लागली नाही. म्हणजे भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही त्यांनी.

सुटलो आणि गावी गेलो. भावानं अंगणात बाज टाकून दिली. वहिनीनं जेवायला बाहेरच वाढलं, आणि मी घासून ठेवलेलं ताट घरातल्या भांड्यांत न घेता खिडकीत वेगळं ठेवलं. कुणी वाईट बोललं नाही. मीच निघालो. म्हसे तोवर निवृत्त होऊन इकडं कडावजवळ आपल्या गावी आले होते, आणि नाक्यावर बायकोच्या जोडीनं खानावळ चालवत होते. कधी तरी आत म्हणाले होते, अडलास तर ये. मी फोन केला. काय बोलावं ह्याची सगळी जुळवाजुळव करून ठेवली होती. पलीकडून एवढंच आलं, "नखं कापून ये." मामींनी पहिल्या दिवशी घरात पाटावर बसवून, त्यांच्या नेहमीच्या ताटांतलं ताट घेऊन वाढलं. मी एक घास खाल्ला आणि ताटाच्या कडेवरून बोट फिरवत बसलो. मामा म्हणाले, "का रं, तिखट झालं काय?"

खानावळीत तरी त्यांनी जरा ढील द्यावी? छे. फ्रीज घेऊ म्हटलं की म्हणायचे, "फ्रीज आला की तू उद्याचा विचार करशील." जेवढं लागेल तेवढंच रांधायचं, संपलं की फळी लावायची. कोंडाण्याची लेणी बघून पोरंपोरी भुकेनं कासावीस होऊन यायची, आणि मामा दारात उभे, "आधी बेसीन." एकदा एक शहरातला माणूस चिडून म्हणाला, मी डॉक्टर आहे हो! मामा म्हणाले, "मग तुमाला सांगाया लागू नये." ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. मी हिशेबानं वागणारा माणूस, एकेक गिऱ्हाईक जाताना बुडालेल्या ताटांचे पैसे मोजत बसायचो. पण गावाला माझी चव आवडायला लागली होती. गावात सगळे मला 'बीडचा आचारी' म्हणायचे, त्यापलीकडं कुणाला काही माहीत नव्हतं. सत्यनारायण असो, हळद असो, दत्ताला बोलवा. शेजारीच राहणारे मामांचे थोरले भाऊ, तात्या, रोज संध्याकाळी वाडगा घेऊन भाजी न्यायला यायचे. मला वाटलं, बसलो एकदाचा कुठंतरी.

आणि मग ती खालापूरकडची हळद आली. एका फार्महाऊसवर जेवणाची ऑर्डर होती, आमच्या गावातलीच निम्मी माणसं पाहुणी म्हणून आलेली. भात दुपारीच तयार झाला. वऱ्हाड काही येईना. ऊन म्हणजे नुसती भट्टी, मांडवाखाली भाताचा टोप तसाच झाकून. दिवस कलल्यावर माणसं आली आणि यजमान वाढा म्हणाले. मामांनी झाकण उघडून हुंगलं आणि म्हणाले, "ह्यो भात नाय वाढणार. नवा टाकतो, घटकाभर थांबा."

"अवो हवालदार, माणसं पानावर बसलीत!"

"बसू द्या. चिकट झालाय भात."

"आमच्यात कुणी चिकट भातानं मेलं नाय अजून. वाढा म्हणतो ना मी!"

तेव्हा मामांचा आवाज चढला. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा चढला. "जेलातल्या कैद्यांला नाय वाढला मी असला भात, आन तुमाला वाढू? खोटं वाटत असंल तर इचारा ह्याला! हा व्हता ना आत, माझ्याच हाताखाली!" आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. कौतुकानं मारली, हे मला आजही दिसतं. त्यांच्या मनात ती माझी पदवी होती. मी हातात डाव धरून उभा. बसलेल्या माणसांचे हात पानावर थांबले. एका बाईनं पोराला जवळ ओढलं. मागून कुणी तरी हळूच विचारलं, "कशापायी व्हता आत?" नवा भात झाला, पण माझ्या हातून तो कुणी घेईना, शेवटी मामींनीच वाढला. परत येताना टेंपोत मी म्हटलं, मामा, हे काय केलंत?

"काय केलं? खोटं बोललो?"

"खरं असलं म्हणून मांडवात ओरडून सांगायचं?"

"मग काय भात वाढायचा व्हता?"

त्यांच्या डोक्यात त्या दोन गोष्टी एकच होत्या, आणि त्या वेगळ्या करून दाखवायला मला जमलं नाही. गावातली बोलावणी थांबली. नाक्यावर उतरणारी बाहेरची माणसं जेवायची, गावातला माणूस मात्र चहा मागताना म्हणायचा, "वयनी, तुमीच टाका." तात्यांचा वाडगा यायचा बंद झाला. विचारलं तर म्हणाले, पथ्य हाय. मामा म्हणायचे, "खुळी हायत सगळी. इसरतील." मामा विसरले, गाव विसरलं नाही.

तर अशा गावाला मी बिरडं करून घालायचं, हा हुकूम देऊन मामा गेले. क्रियाकर्म तात्यांच्या मुलानं केलं. तेराव्याचं बोलणं निघालं तेव्हा तात्या ओट्यावरून म्हणाले, "कर्जतच्या आचाऱ्याला सांगतो. पुरी, बटाटा, बुंदी. माणसं येणार, कुणी पानावरनं उठाया नको." आतून मामी म्हणाल्या, "भावजी, ते दत्ताला सांगून गेलेत. दत्ता रांधल."

"आन नाय कुणी जेवला तर?"

"तर नाय जेवला."

मला कुणी विचारलंच नाही. मामांचं शेवटचं जेवण, आणि माझ्यामुळं पंगत मोडली तर? त्यानंतर मामींनी मला ठेवलं असतंही, पण मी ह्या गावात कुठल्या तोंडानं राहणार होतो? आणि इथून निघून जायला आता दुसरं ठिकाण उरलेलं नव्हतं.

वालाचं बिरडं एकट्यानं होत नाही, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, आणि मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सालीतून काढायचा. कार्य असलं की भावकीतल्या बाया आपणहून येतात, परातीभोवती बसतात, बोलता बोलता ढीग उरकतात. बोलावणं करायची पद्धत नाही. मी बाराव्या दिवशी दुपारी खानावळीच्या मागच्या पडवीत पराती मांडल्या आणि वाट बघत बसलो. कुणी आलं नाही. मामी आणि मी सोलत होतो, ढीग तसाच. उन्हाळ्याचे दिवस, मोड आलेले वाल फार वेळ थांबत नाहीत, आंबूस वास सुटतो. आणि वास सुटला की मामांच्याच नियमानं सगळे गटारात. मला इतका राग आला मामांचा! बटाटा का नाही सांगितला? बटाटा एकटा माणूस सोलतो. मरतानाही असला पदार्थ सांगून गेले की ज्याला सगळ्या गावाचे हात लागतात...

ऊन उतरायला लागलं तेव्हा तात्यांच्या बायको, मोठ्या काकू, सुनांना आणि शेजारच्या दोघींना घेऊन पडवीत आल्या. गोठ्यातून तशाच आल्या होत्या, बोटांना पेंड लागलेली, मनगटाला वाळलेलं शेण. परातीत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, केवढं मोड आणलं! कडू व्हईल की. कुणी भिजवलं?"

मामी म्हणाल्या, "दत्तानं."

"तरीच." असं म्हणून त्यांनी पदर खोचला, फतकल मारली आणि हात परातीकडं नेला.

एवढ्या दिवसांनी भावकीतली थोरली बाई माझ्या परातीला हात लावतेय. आता तोंड उघडलं आणि ती उठून गेली, तर तिच्यामागं सगळ्या जातील आणि उद्याची पंगत तिथंच मोडेल. नाही उघडलं, तर मामांच्या तेराव्याच्या वालांत शेण. मी मामींकडं बघितलं. त्या खाली बघून दाणे काढत राहिल्या.

"काकू..." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आधी हात. साबण मोरीवर हाय." आणि देव जाणे का, वर आणखी म्हणालो, "कोपरापर्यंत."

त्यांचा हात तसाच परातीवर थांबला. सुना माझ्याकडं बघायला लागल्या, मग सासूकडं. काकूंनी स्वतःच्या बोटांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मला वाटलं, संपलं. तर दारातून बाकीच्यांना म्हणाल्या, "बसलाव काय गं टकामका बघत? उठा. हितं जेलचा कायदा हाय." एक सून फिसकन हसली. मग सगळ्याच हसल्या, मामीसुद्धा, बारा दिवसांत पहिल्यांदा. मोरीवर बांगड्या वर सरकवून, दंडापर्यंत फेस करून, एकमेकींना ढोसत त्यांनी हात धुतले. परत येऊन बसल्यावर शेजारच्या बाईनं थेट विचारलं, "आत खरंच थाळ्या फेकत व्हते काय रं भावजींवर?" मी फिनेलच्या डाळीची हकिगत सांगितली. कपाळाला लागलं तिथवर आलो तेव्हा काकू म्हणाल्या, "तरी म्हणलं ती खोक कसली. आमाला सांगितलं, दार लागलं." आणि नाक ओढून पुन्हा दाणे काढायला लागल्या. तिन्हीसांजेला ढीग संपला. जाताना मात्र पुन्हा म्हणाल्या, "पण मोड जास्तच हायत हां."

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. दोघांचौघांना नेमका त्याच दिवशी उपास निघाला, ते पाणी पिऊन गेले. बाकीचे बसले. पहिल्या पानावर तात्या. मी बिरडं वाढत गेलो, मान वर केली नाही. कानावर नुसतं भुरकणं येत होतं. मग तात्यांनी हाक मारली, "दत्ता!" मी जागच्या जागी थांबलो. तात्या घास चावत होते. सावकाश गिळला. म्हणाले, "मीठ कमी हाय रं."

"आन भात मऊ झालाय," पलीकडून कुणी तरी बोललं. "वाल पण कडवट लागतात जरा," आणखी एक. जो तो काही तरी खोड काढत होता आणि पान पुढं करून पुन्हा मागत होता. इतके दिवस ह्यांच्यापायी मला झोप नाही, आणि ह्यांना मीठ कमी! मी तणतणत आत गेलो, मिठाचं भांडं आणि चमचा घेऊन आलो. तात्यांनी माझ्या हातातल्या चमच्याकडं बघितलं.

"आता त्याला चमचा कशाला? हातानंच घाल की."

माणसाला एखादं वाक्य ऐकायला किती वर्षं लागतात... मी तिथंच उभा राहिलो. चमचा भांड्यात तसाच होता. घालावं हातानं, असं फार वाटलं.

"नाही तात्या," मी म्हणालो, "चमच्यानंच वाढतो."

"गेला आन ह्याच्यात शिरला," तात्या शेजारच्याला म्हणाले. मग पान माझ्याकडं सरकवून चिडून म्हणाले, "घाल बाबा, घाल. भात निवला."

मी चमच्यानं मीठ वाढलं आणि पुढच्या पानाकडं वळलो.